मलपृष्ठ नसलेली पुस्तके

पुस्तकाला एक तोंड असते आणि एक पाठ असते. तोंडाला आपण मुखपृष्ठ म्हणतो, पाठीला मलपृष्ठ. मुखपृष्ठावर पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव. मलपृष्ठावर किंमत, लेखकाचा फोटो आणि कुणा मान्यवराचा चार ओळींचा अभिप्राय. काही पुस्तकांना मात्र पाठच नसते. वाचता वाचता पालथे ठेवावे, तर मागेही एक मुखपृष्ठ, वेगळे शीर्षक, वेगळी कहाणी आणि तिचे पानही एकपासून सुरू होणारे. दोन्ही कहाण्या आपापल्या बाजूने चालत येतात आणि पुस्तकाच्या मध्यावर त्यांचे शेवट एकमेकांना भेटतात.

हा छपाईचा गंमतखेळ आहे असे समजून पुष्कळ वाचक अशी पुस्तके बाजूला ठेवतात. आम्हाला तसे वाटत नाही. मुस्लिम मराठी लेखकाला ज्या प्रश्नाला सतत तोंड द्यावे लागते, तोच प्रश्न ही पुस्तके जिल्दीच्या भाषेत विचारतात, असे आमचे मत आहे. प्रश्न साधा आहे: दोन कहाण्या एका जिल्दीत बांधल्या, तर त्यांतली पहिली कोणती? आणि दुसरी तिच्या पाठीशी उभी असते ती सोबत म्हणून, की जामीन म्हणून?

या बांधणीचा इतिहास जुना आहे. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत दोन पुस्तके पाठीला पाठ लावून बांधण्याची पद्धत होती. दोहोंच्या मध्ये एकच सामाईक पुठ्ठा. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये बायबलचा नवा करार आणि स्तोत्रसंहिता अशा रीतीने बांधून वापरल्या जात. प्रार्थनेला जाताना दोन ग्रंथ न्यायचे, मग एकच जिल्द का नको, असा तो सोयीचा विचार होता. पाठीला पाठ असल्याने या बांधणीला फ्रेंचमध्ये 'दो-झा-दो' म्हणतात. पुढे एक पुस्तक सरळ आणि दुसरे डोके खाली करून, पण एकाच कण्यावर बांधण्याची रीत आली. तिला 'तेत-बेश' म्हणजे 'डोक्याशी पाय' असे नाव पडले.

उलटून वाचण्याची कल्पना आपल्या मातीलाही परकी नाही. सोळाव्या शतकात गोदावरीच्या परिसरातील पार्थपूर येथे सूर्यदास नावाचा ज्योतिषी पंडित होऊन गेला. पार्थपूर म्हणजे आजचे परभणी जिल्ह्यातील पाथरी, असे मानले जाते. याच पाथरीसाठी त्या शतकात अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही एकमेकींशी झुंजत होत्या. सूर्यदासाने 'रामकृष्णविलोमकाव्य' रचले. त्यातील श्लोकाचा पूर्वार्ध रामाविषयी आहे. तीच अक्षरे शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत गेले की उत्तरार्ध तयार होतो, आणि तो कृष्णाविषयी आहे. देवनागरी अक्षरांची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची आणि दुसरी कथा हाती यायची! उर्दू वाचणाऱ्याला या चालीचे नवल वाटणार नाही. मात्र त्यातली अट फार कडक आहे. दुसऱ्या कथेसाठी एकही नवे अक्षर आणायचे नाही आणि पहिल्या कथेतले एकही अक्षर टाकायचे नाही. या अटीपायी अर्थाची ओढाताण होते, टीकेच्या मदतीवाचून सामान्य वाचकाला ते काव्य उलगडत नाही, हेही खरे. पण एका कथेच्या पोटातच दुसरी दडलेली असते, ती बाहेरून चिकटवावी लागत नाही, हे तत्त्व सूर्यदासाने अक्षरांतून दाखवून दिले.

आता याच्या अगदी उलट उदाहरण पाहू. अमेरिकेत एस बुक्स या प्रकाशनसंस्थेने 1952 पासून 'एस डबल' नावाची स्वस्त पुस्तकमाला काढली. 35 सेंटमध्ये दोन कादंबऱ्या, एक सरळ, दुसरी उलटी, आणि दोन्हीकडे भडक मुखपृष्ठे. गुन्हेगारी कथा, घोडेस्वारांच्या कथा, विज्ञानकथा असा सगळा माल. सुमारे वीस वर्षे ही मांडणी चालली. मोठे लेखक या दारातून आत आले, हे नाकारता येत नाही. फिलिप डिकची पहिली प्रकाशित कादंबरी 1955 मध्ये अशाच जोडपुस्तकाची एक बाजू होती. अर्सुला ले ग्विनची पहिली कादंबरीही 1966 मध्ये अशीच आली. पण बहुतेक जोड्यांमधल्या दोन कादंबऱ्यांचा एकमेकींशी काही संबंध नसे. पानांचा हिशेब बसावा म्हणून मजकूर कापला जाई, नावे बदलली जात. रेल्वेच्या डब्यात शेजारी बसलेल्या दोन अनोळखी प्रवाशांइतकेच त्यांचे नाते.

एका जोडीत मात्र नाते होते, आणि ते फार बोलके आहे. 1953 मध्ये या मालेत 'जंकी' नावाचे पुस्तक आले. लेखकाचे नाव छापले होते विल्यम ली. खरे नाव विल्यम बरोज. अमली पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्या माणसाने कोणताही पश्चात्तापाचा सूर न लावता सांगितलेली ती हकीगत आहे. असे पुस्तक एकटे छापण्याची प्रकाशकाला धास्ती वाटली. म्हणून त्याच्या पाठीला मॉरिस हेलब्रांट या अमली पदार्थविरोधी खात्यातल्या माजी अधिकाऱ्याच्या आठवणी बांधण्यात आल्या. त्या आठवणी मुळात 1941 च्या. म्हणजे एका बाजूला व्यसनी माणूस आणि दुसऱ्या बाजूला त्याला पकडणारा अधिकारी. शिवाय मजकुरात जागोजागी संपादकीय खुलासेही घातले.

वरवर पाहता ही समतोलाची कमाल वाटेल. पण नीट पाहिले तर येथे दुसरी कहाणी पहिलीला उत्तर देत नाही, तिच्यात भर घालत नाही, तिच्याशी बोलतही नाही. ती फक्त पहारा देते. पाठीशी पोलिस उभा केला आहे, आता वाचायला हरकत नाही, एवढेच प्रकाशकाला वाचकाला सांगायचे आहे. हेलब्रांटच्या पुस्तकावरही हा अन्यायच होता, कारण त्याला कहाणी म्हणून नव्हे, तर चारित्र्याचा दाखला म्हणून छापले गेले. पुढे 'जंकी' स्वतंत्रपणे छापले गेले, 1977 मध्ये त्याची काटछाट न केलेली आवृत्ती निघाली, आणि ते आजही वाचले जाते. दाखला मागे राहिला.

हा दाखला आपल्या ओळखीचा आहे. घर भाड्याने न मिळालेल्या एका मुसलमान शिक्षकाची कथा आम्ही एका अंकाकडे पाठवली होती. कथा आवडल्याचे कळवून संपादकांनी सुचवले की शेवटी एखादा सहृदय शेजारी आणावा, म्हणजे दुसरी बाजूही येईल. सहृदय शेजारी आम्हाला ठाऊक नाहीत असे नाही. भरपूर ठाऊक आहेत, आणि त्यांच्यावर लिहायलाही आम्हाला आवडते. पण त्या कथेत तो शेजारी आला असता, तर माणूस म्हणून आला नसता. तो हेलब्रांटसारखा पहाऱ्याला आला असता.

दुसरी बाजू मागणारे आपल्याही मोहल्ल्यात कमी नाहीत, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आपल्यातली एखादी लेखिका तलाकविषयी, वारसाहक्काविषयी, शाळा सुटलेल्या मुलींविषयी लिहिते, तेव्हा लगेच सूचना येते की मजहबने औरतीला कोणते हक्क दिले आहेत तेही सोबत लिहा, नाहीतर गैरांना बोलायला संधी मिळेल. हक्क दिले आहेत हे खरेच. त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहावे, जरूर लिहावे. पण त्या बाईच्या कहाणीच्या पाठीला ते सक्तीने बांधू नये. सोलापुरात 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण एक गोष्ट मागत आलो आहोत: आमची कहाणी आमच्या तोंडून ऐका. ती मागणी बाहेरच्यांकडे करायची आणि घरातल्या लेखिकेला मात्र दाखला आणायला पाठवायचे, हे बरे नव्हे.

मग पाठीला पाठ लावून दुसरी कहाणी छापणे नेहमीच गैर का? मुळीच नाही. कॅनडात लेखन करणाऱ्या कॅरोल शील्ड्स यांचे उदाहरण घ्या. त्यांनी 1980 मध्ये 'हॅपनस्टन्स' ही कादंबरी लिहिली. शिकागोचा जॅक बोमन हा इतिहासाचा अभ्यासक. त्याची बायको काही दिवसांसाठी परगावी गेली आहे आणि तो मुलांना घेऊन घरी आहे, अशी तिची चौकट. 1982 मध्ये त्यांनी बायकोच्या, म्हणजे ब्रेंडाच्या बाजूने दुसरी कादंबरी लिहिली. ब्रेंडा गोधड्या शिवणारी कलावंत आहे आणि ती हस्तकलेच्या एका संमेलनासाठी फिलाडेल्फियाला गेली आहे. दिवस तेच, संसार तोच. पुढे या दोन्ही कादंबऱ्या एकाच जिल्दीत, उलटसुलट बांधून प्रसिद्ध झाल्या.

येथे बांधणीने काय साधले? कादंबऱ्या वेगवेगळ्या होत्या तोवर नवऱ्याची गोष्ट पहिली होती आणि बायकोची दुसरी, म्हणजे पुरवणी. जिल्द एक झाली आणि ही उतरंड मोडली. आता वाचक ब्रेंडाकडूनही सुरुवात करू शकतो, आणि तसे केले तर जॅकचीच गोष्ट पुरवणी ठरते. नवरा शहाणा की बायको, असा निवाडा लेखिका देत नाही. इतिहास म्हणजे काय याचा विचार करणारा नवरा आपल्याच घरातला इतिहास पाहू शकत नाही, हे मात्र दुसरी बाजू वाचल्यावाचून उमगत नाही. दुसऱ्या कहाणीमुळे पहिलीचा अर्थ बदलला पाहिजे आणि पहिलीमुळे दुसरीचा. आमच्या मते अशा पुस्तकाची ही खरी कसोटी आहे. 'एस डबल'मधल्या बहुतेक जोड्या या कसोटीला उतरत नाहीत. 'जंकी'ची जोडी तर उतरावी असा प्रकाशकाचा हेतूच नव्हता.

नुसती करामत मोठी असून भागत नाही, हेही सांगायला हवे. मार्क डॅनिएलेव्स्की या अमेरिकन लेखकाची 'ओन्ली रेव्होल्यूशन्स' ही कादंबरी 2006 मध्ये आली. पृष्ठे 360, म्हणजे वर्तुळाचे अंश तेवढी. एका टोकाकडून सॅम बोलतो, दुसऱ्याकडून हेली. दोघेही सोळा वर्षांचे. आठ पाने वाचावीत आणि पुस्तक फिरवावे, अशी त्यातली सूचना. खुणेसाठी दोन रंगांच्या फिती. या गणिताला दाद द्यावी लागते. पण हात पुस्तक फिरवण्यात गुंतलेले आणि मन हिशेबात, अशा स्थितीत सॅम आणि हेली यांच्याविषयी जीव लागायला उसंत मिळत नाही.

आपल्या वाचकांनी आवर्जून वाचावी अशी या प्रकारातली कादंबरी म्हणजे मिशेल डी क्रेत्सर यांची 'स्केअरी मॉन्स्टर्स', 2021 ची. लेखिकेचा जन्म कोलंबोचा; किशोरवयात कुटुंबासह त्या ऑस्ट्रेलियात गेल्या. पुस्तकाच्या एका बाजूला लिली आहे. आशियातून ऑस्ट्रेलियात आणि तिथून फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात शिकवायला आलेली तरुणी. काळ 1980-81 चा, निवडणुकीच्या आसपासचा. रस्त्यावर उत्तर आफ्रिकेतून आलेल्या माणसांना पोलिस अडवतात, कागद मागतात, आणि सावळ्या रंगाची लिली हे पाहत असते. दुसऱ्या बाजूला लाइल आहे. काळ नजीकच्या भविष्यातला, देश ऑस्ट्रेलिया. त्या देशात इस्लामवर बंदी घातली गेली आहे. स्थलांतरितांच्या डोक्यावर परत पाठवणीची तलवार आहे. लाइल एका सरकारी खात्यात नोकरी करतो, आणि आपण या देशात किती मुरलो आहोत हे सिद्ध करण्यात त्याचे सारे आयुष्य खर्ची पडते. त्याची म्हातारी आई आयव्ही हीच काय ती जुन्या देशाची उरलेली खूण.

कुठून सुरुवात करावी, हे लेखिका सांगत नाही. पण आम्हाला वाटते, फरक पडतो. आधी लिली वाचली तर लाइलचे भविष्य हे त्या तपासणीच्या कागदांचे फळ वाटते. बघता बघता गोष्ट कुठवर गेली, अशी भीती मनात बसते. आधी लाइल वाचला तर लिलीचा काळ हा हातून निसटलेल्या संधीचा काळ वाटतो. तेव्हाच कुणी बोलले असते तर, अशी हळहळ उरते. म्हणजे छापताना दोन्ही बाजू समान असल्या तरी वाचताना त्या समान राहत नाहीत. एकदा वाचलेले न वाचलेले करता येत नाही. या प्रकाराची ही मर्यादा आहे, आणि चांगला लेखक तिचाही उपयोग करून घेतो.

या कादंबरीविषयी आमची एक तक्रार आहे. लाइलच्या बाजूचा उपहास काही ठिकाणी फार ठळक होतो. आणि ज्यांच्या धर्मावर बंदी आली ती माणसे कथनाच्या केंद्रस्थानी नाहीत. केंद्रस्थानी आहे त्यांच्यापासून चार हात दूर राहून स्वतःला वाचवू पाहणारा लाइल. आपण तिथे आहोत ते गैरहजेरीच्या रूपाने. तरी लाइलसारखी माणसे आपण पाहिलेली आहेत, कधी शेजारी, कधी आरशात. त्यामुळे ही तक्रार मनात धरूनही पुस्तक मिटवत नाही.

दोन कहाण्यांसाठी आणखीही एक मांडणी शक्य आहे, आणि ती वर्गात शिकवणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. सामी अदवान हे पॅलेस्टिनी आणि दान बार-ऑन हे इस्रायली अभ्यासक. त्यांच्या पुढाकाराने दोन्हीकडच्या शिक्षकांनी एकत्र बसून शाळेसाठी इतिहासाची पुस्तिका तयार केली. पहिली 2003 मध्ये निघाली. पानाच्या एका कडेला इस्रायली कथन, दुसऱ्या कडेला पॅलेस्टिनी कथन, आणि मध्ये कोरी जागा. ती जागा विद्यार्थ्याने लिहिण्यासाठी. दोन्ही बाजूंच्या शिक्षण खात्यांना हे पुस्तक वर्गात नको झाले, यातच त्याची ताकद दिसते. पालथ्या-उताण्या पुस्तकात एक बाजू वाचताना दुसरी नजरेआड असते; येथे दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतात. आणि वाचणाऱ्या मुलालाही एक रकाना मिळतो. अशी कोरी जागा ठेवणे फार थोड्या लेखकांना जमते.

शेवटी आपल्या दोन लिप्यांविषयी. मराठी पुस्तकाची शिवण डाव्या हाताला असते, म्हणून दोन मराठी कहाण्या एका जिल्दीत दोन तोंडांनी बांधायच्या तर एकीला डोके खाली करावेच लागते. इंग्रजीचेही तेच. कुणीतरी एक उलटे टांगलेले असल्याशिवाय ही बांधणी होत नाही. पण उर्दू पुस्तकाची शिवण उजव्या हाताला असते. मराठी पुस्तक पालथे घातले की उर्दू पुस्तकाचे मुखपृष्ठ जिथे असायला हवे, नेमके तिथेच त्याचे मलपृष्ठ येते. म्हणजे डावीकडून मराठी आणि उजवीकडून उर्दू सुरू केली, तर दोन्ही कहाण्या ताठ उभ्या राहून मध्यावर भेटतात. कुणालाच शीर्षासन करावे लागत नाही. आमच्या शाळेतले मूल एकाच दप्तरातून उजवीकडून उघडणारे उर्दूचे आणि डावीकडून उघडणारे मराठीचे पुस्तक रोज काढते आणि बिनचूक उघडते. त्याला हे कुणी वेगळे शिकवत नाही.

तेव्हा आपल्या लेखकांना आणि प्रकाशनांना आमची सूचना आहे, की मुलांसाठी अशी जोडपुस्तके काढावीत. पण एकाच गोष्टीचे दोन भाषांत तर्जुमे छापून थांबू नये. ती सोय झाली, साहित्य नव्हे. कित्येक गावांत नगरपालिकेची मराठी शाळा आणि उर्दू शाळा एकाच इमारतीत भरतात, एक सकाळी, एक दुपारी. बाक तोच, फळा तोच, नळही तोच. सकाळच्या मुलीची गोष्ट मराठीत लिहावी, दुपारच्या मुलाची उर्दूत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही, फक्त बाकावर कोरलेली नावे वाचली आहेत. शेवट मधल्या पानावर होऊ द्यावा, आणि ते पान कोरे सोडावे.

अडचणी येतील. किंमत आणि बारकोड कुठे छापायचा, ग्रंथपालाने शिक्का कोणत्या बाजूला मारायचा, पुस्तक मराठीच्या कपाटात ठेवायचे की उर्दूच्या, हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण कोणती बाजू पुढची हे बहुतेक वेळा तिथेच ठरते. त्यावर आमचे उत्तर एवढेच आहे: दोन प्रती घ्याव्यात आणि दोन्ही कपाटांत एकेक ठेवावी.